कावळ्याने राखलेल्या दुपारी

अंबरनाथच्या एका कारखान्याच्या फाटकावर मी टाइमकीपर होतो. आज हे पद किरकोळ वाटेल, पण पन्नास सालानंतरच्या त्या दोन-चार वर्षांत अख्खं अंबरनाथ माझ्या मनगटावर चालायचं. मी खूण केली की भोंगा व्हायचा. भोंगा झाला की इकडे निर्वासितांच्या कॅम्पापासून तिकडे बदलापुरापर्यंतचे कोंबडे, आज आपण मागे राहिलो, म्हणून माना खाली घालायचे. एक मिनिट उशिरा येणाऱ्याच्या कार्डावर मी लाल पेन्सिलीने रेघ मारत असे. एकदा ढगांमुळे सूर्य चार मिनिटं उशिरा दिसला, तेव्हा माझा हात आपोआप पेन्सिलीकडे गेला होता. खोटं वाटत असेल तर सूर्याला विचारा.

असा हा वेळेचा कोतवाल घरी आला की काय करायचा? ओट्यावर बसून गप्पा हाणायचा. पत्ते कुटायचा. चार मित्र जमवायचा आणि आतल्या दिशेला ओरडायचा, "अगं, चहा टाक गं!" कारखान्यातल्या सहाशे माणसांचं एकेक मिनिट राखणारा मी, घरातल्या एका माणसाचे तासच्या तास चहाबरोबर पिऊन टाकत होतो. ते माणूस म्हणजे माझी बायको.

सहावी पास होऊन ती सातवीत बसली आणि तिच्या वडिलांनी तिला माझ्या गळ्यात बांधली. सातवीची फायनल राहिली ती राहिलीच. त्या काळी फायनल पास झालेल्या बाईला शाळेत नोकरी मिळायची. बदलापूरच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी एक शाळा होती. तिथल्या हेडमास्तरांना कुणी तरी आमच्या घराचं नाव सांगितलं. एक दिवस ते छत्री टेकत चाळीत आले. म्हणाले, "आमच्याकडे मुली येतात आणि चार महिन्यांत परत घरी बसतात. शाळेत बाई असली तर राहतील. मार्चात फायनल द्या, पास व्हा, जूनपासून या. मात्र पुढच्या वर्षापर्यंत मी जागा धरून ठेवू शकणार नाही."

ते गेल्यावर बायको बराच वेळ छत्रीच्या ओल्या ठिपक्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, मला रोज दोन तास हवेत."

"घे की!" मी म्हणालो. "दोन काय, चार घे. वेळ म्हणजे काय आपल्या घरी कमी आहे?"

त्याच संध्याकाळी मी पाच मित्र घेऊन आलो आणि कांदाभजी सांगितली. भज्यांचा घाणा नऊपर्यंत चालला. इतिहासाचं पुस्तक पिठाच्या डब्यावर उघडं पडलं होतं. शिवाजी महाराजांच्या आग्र्याहून सुटकेवर बेसनाचा डाग पडला, तो शेवटपर्यंत गेला नाही.

मग तिने माझ्या आईकडे वेळ मागितला. आई वाईट नव्हती. ती म्हणाली, "दुपारी कर हो अभ्यास, दुपारी कोण अडवतंय?" पण आमच्या चाळीत दुपार ही कुणाच्या मालकीची नसे. जेवणं झाली की बायका सुपं घेऊन आमच्याकडे येत, कारण आमच्या खोलीत वारा होता. तांदूळ निवडता निवडता त्या अख्ख्या ठाणे जिल्ह्याचा न्यायनिवाडा करत. आणि समोर तरुण सून पुस्तक घेऊन बसलेली दिसली की एखादी म्हणे, "हात रिकामेच आहेत तर एवढ्या शेवया वळ गं." चार दुपारींत तिने एवढ्या शेवया वळल्या की एकीला एक जोडली असती तर दोर पुण्याला पोचला असता. भूगोलाचं मात्र पान उलटलं नाही.

तिसऱ्यांदा तिने कुणाकडे मागितलं नाही. आई देवळात गेलेली पाहून तिने भर दुपारी दार लावून घेतलं.

ज्याने चाळीत जन्म काढला नाही त्याला यातला अनर्थ कळायचा नाही. चाळीत दिवसा दार लागतं ते तीनच कारणांनी. घरात मयत झालंय, घरात मारामारी चाललीय, किंवा तिसरं कारण, जे मी इथे लिहीत नाही. पहिल्या पाच मिनिटांत दारावर थाप पडली. आतून उत्तर आलं, "बरी आहे मी, वाचतेय." यावर बाहेर एकमत झालं की हे बऱ्या माणसाचं बोलणं नव्हे. कुणी तरी पहार आणली. मला फाटकावर निरोप आला. मी धावत पोचलो तेव्हा दार बिजागरीतून निघालं होतं, आत बायको गुणाकाराच्या वहीवर हात ठेवून बसली होती, आणि एक उत्साही शेजारी बांबू कुठे मिळतील याची चौकशी करून परतही आला होता.

त्या रात्री मी माझ्या परीने समजूत घातली, "जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू." तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. माझ्या लाल पेन्सिलीलाही तेवढं टोक कधी नव्हतं.

आणि मग तिला कावळा शिवला.

म्हणजे महिन्याचे ते चार दिवस आले. आमच्याकडे कडक पाळायचे. बाईने मागच्या पडवीत वेगळ्या घोंगडीवर बसायचं, ताट-तांब्या वेगळा, तिला कुणी शिवायचं नाही, तिने कशाला शिवायचं नाही. आई स्वैपाक करायची, मी पाणी भरायचो. नवऱ्याच्या दृष्टीने कावळा हा काही लाडका पक्षी नव्हे. पण त्या खेपेला पडवीत बसल्या बसल्या बायकोच्या लक्षात एक गोष्ट आली, जी आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या आली नव्हती. तिला कुणी चहा मागत नव्हतं. कुणी शेवया वळायला सांगत नव्हतं. सुपं घेऊन येणाऱ्या बायका पडवीच्या चार हात अलीकडूनच वळत होत्या. जे दार लावून मिळालं नाही, ते दार सताड उघडं ठेवून मिळालं होतं. चार दिवसांत तिने भूगोल संपवला.

पुढच्या महिन्यात चाराचे सहा दिवस झाले. त्याच्या पुढच्या महिन्यात कावळा येऊन गेला तो दहा दिवसांनी पुन्हा आला. मग तर तो आमच्याच कौलांवर बिऱ्हाड करून राहिला. मी फाटकावर दुसऱ्याचं कार्ड मारणारे सतरा ठक पकडलेले, पण घरात काय चाललंय याचा मला पत्ता नव्हता. मी आपला पाणी भरत होतो. इतकं भरत होतो की खांद्यावरच्या घट्ट्याकडे बघून एकाने मला, हमाली कुठल्या स्टेशनात करता, असं विचारलं.

कॅम्पातून एक सिंधी बाई डोक्यावर पापडांची टोपली घेऊन दारोदार यायची. फाळणीत सगळं सोडून आलेली, आता कॅम्पातल्या लष्करी बराकीत राहणारी. तिकडे सिंधमध्ये ती मुलींच्या शाळेत शिकवायची, हे आम्हां कुणाला ठाऊक नव्हतं. पडवीत गणितापाशी अडून रडकुंडीला आलेली माझी बायको तिने एकदा पाहिली आणि टोपली खाली ठेवली. "अदी, ये तो ऐसे नहीं होता," ती म्हणाली. अदी म्हणजे त्यांच्याकडे बहीण. मग ती रोज येऊ लागली. चार हात लांब बसून, जमिनीवर कोळशाने आकडे काढून तिने व्याज, त्रैराशिक, काळ-काम-वेग, सगळं शिकवलं. बदल्यात माझ्या बायकोने तिला मराठी अक्षरं शिकवली. तिनेच बायकोला एक जांभळ्या शाईची पेन्सिल दिली. ती जिभेवर ओली करून लिहायची, म्हणजे अक्षर शाईसारखं उमटतं. ही पेन्सिल ध्यानात ठेवा. पुढचं रामायण तिनेच केलं.

आता माझी आई. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तिचं गणित पक्कं होतं. लग्न होऊन तीन वर्षं झाली, नातवंडाचा पत्ता नाही, म्हणून सून बाजूला बसली की आई एक चिंचोका डब्यात टाकायची. एखादा महिना चिंचोक्याविना जावा, एवढीच तिची देवाकडे मागणी. आणि झालं उलटंच. डबा भरत चालला. दोन महिन्यांचे चिंचोके एका महिन्यात पडायला लागले, तेव्हा आईची झोप उडाली. सुनेला काही तरी मोठं दुखणं लागलंय, पोरगी आतून झिजतेय, हे तिने मनाशी पक्कं केलं. मला न सांगता तिने बदलापूरच्या वैद्यबुवांना निरोप धाडला.

वैद्यबुवा रविवारी दुपारी आले. चाळीस वर्षांचा अनुभव, मिशा बैलाच्या शिंगांसारख्या. रोगी बाजूला बसलेली, तेव्हा हात लावायचा नाही. त्यांनी मनगटावर रेशमी वस्त्र टाकायला लावलं आणि वरून नाडी धरली. डोळे मिटले.

"नाडी तर घोड्यासारखी आहे," ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले. "जीभ बघू."

बायकोने तोंड घट्ट मिटलं.

"अगं, दाखव ना!" आई म्हणाली.

ती मान हलवत राहिली. शेवटी आईच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा तिने जीभ बाहेर काढली.

वैद्यबुवा बसल्या जागेवरून दीड हात मागे सरकले. जीभ जांभळीभोर होती, शेंड्यापासून पार घशापर्यंत.

"चाळीस वर्षांत," ते म्हणाले आणि पगडी सावरू लागले.

आईने गळा काढला. "अरे देवा, पोरीचं रक्त नासलं रे!" चाळ धावत आली. बांबूवाला शेजारी सर्वांत पुढे. मी आईला धरायला गेलो, माझा पाय घोंगडीत अडकला, घोंगडी सरकली, आणि खालून भूगोल, व्याकरण, डाग पडलेला इतिहास, सात वह्या आणि एक जांभळी पेन्सिल उघड्यावर आली.

वैद्यबुवांनी पेन्सिल उचलली. स्वतःच्या जिभेला लावली. मिशा पिळायला खिशात ठेवलेल्या आरशात पाहिलं. मग एवढे हसले की त्यांच्या पगडीचं टोक सुटलं. तरीही औषध दिल्याशिवाय परत जाणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं. एक चूर्ण देऊन गेले. वाया कशाला घालवायचं म्हणून ते मी खाल्लं, आणि दोन दिवस मला घड्याळाकडे बघायला उसंत मिळाली नाही.

चाळ पांगली. आई पडवीच्या उंबऱ्याशी बसली, मांडीवर चिंचोक्यांचा डबा. तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं.

"मी रात्र रात्र जागत होते सूनबाई. तू जातेस की राहतेस, याच्या काळजीने. वेळच हवा होता तर मागायचा होतास. त्यासाठी विटाळाचं खोटं का बोललीस?"

बायकोने खाली बघूनच उत्तर दिलं. "मागितला ना सासूबाई. आधी यांच्याकडे मागितला, तर यांनी भजी तळायला बसवलं. मग तुमच्याकडे मागितला, तर माझ्यासमोर शेवयांचं पीठ आलं. मग दार लावून बघितलं, तर दारच फोडलं. कावळ्याला तेवढं कुणी 'का' म्हणून विचारत नाही."

मी तिथे उभा होतो. सहाशे माणसांचा टाइमकीपर. माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं, हे त्यातल्या त्यात बरं.

त्याच संध्याकाळी बायको आंघोळ करून घरात आली, स्वैपाकाला लागली, पुस्तकं फळीवर गेली. परीक्षेला पाच आठवडे उरले होते. तिसऱ्या दिवशी पापडवाली आली, तेव्हा मी कारखान्यातली पाळी संपवून घरी होतो. आईने दारातच सांगितलं, "आज शिकणं नाही. आता नाहीच."

पापडवाली पायरीवर टेकली. "अम्मा," ती म्हणाली, "सिंध में मेरा घर था, दो गाय थी, आँगन में झूला था. सब उधर रह गया. जो पढ़ा था, वही मेरे साथ आया. उसको किसी ने गाड़ी से नहीं उतारा."

आईला हिंदी येत नव्हती. "काय म्हणते ती?" तिने मला विचारलं. मी माझ्या स्वभावाप्रमाणे सांगितलं. दोनाच्या वीस गायी केल्या, घराचा सात मजली वाडा केला, झोपाळ्याला चांदीच्या कड्या लावल्या. शेवटचं वाक्य मात्र होतं तसंच ठेवलं. त्यात वाढवायला मला काही सुचलं नाही.

आई उठून आत गेली. भांड्यांचा आवाज आला. मग ती घोंगडी घेऊन बाहेर आली आणि पडवीत स्वतःच्या हाताने अंथरली.

"देवाशी खोटं नको," ती सुनेला म्हणाली. "दुपारी एक ते चार तू इथे बसायचं. बाकीच्यांशी काय बोलायचं ते मी बघते. माणसांशी खोटं बोललं तर माणसं फेडून घेतात."

आणि माझ्या आईने, जिने जन्मात खोटं म्हणून उच्चारलं नव्हतं, पाच आठवडे खोटं बोलण्याचा असा कारखाना चालवला की मी तिच्यापुढे शिकाऊ उमेदवार ठरलो. सुपं घेऊन येणाऱ्या बायकांना ती उंबऱ्यावरच गाठायची. पहिल्या दिवशी सुनेच्या अंगात उष्णता होती. दुसऱ्या दिवशी वाताचा झटका. आठवड्याने वैद्यबुवांच्या नावावर तिने जाहीर केलं की माणसाचा आवाज कानावर पडला तरी नाडी सुटेल. जीभ तर सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली होती, पेन्सिल पाहिली होती ती पुढच्या चार-पाच जणांनीच, आणि पेन्सिलीपेक्षा नासलेल्या रक्तावर चाळीचा विश्वास जास्त बसला. मग काढे आले, अंगारे आले, कुणी मलंगगडावरून दोरा आणला. आई सगळं दारातच घ्यायची आणि म्हणायची, "हळू बोला हो, हळू." तिसऱ्या आठवड्यात आमच्या चाळीसमोरून बैलगाडीवालाही चाकांना तेल घालून जायला लागला.

मलाही तिने सोडलं नाही. "तुझे ते पाच पांडव या ओट्यावर दिसले तर पत्ते चुलीत." मित्र तुटले. करायला काही नाही म्हणून मी संध्याकाळी बायकोचे पाढे, सनावळ्या तपासू लागलो. तेव्हा कुठे मला दिसलं की तिने एकेका दुपारीत किती कोंबलंय. जेवढ्या वेळात मी एक डाव पिसून वाटायचो, तेवढ्यात ती महाराष्ट्रातल्या सगळ्या नद्या उगमापासून समुद्रापर्यंत नेऊन सोडायची. वेळ राखणं म्हणजे काय, हे मी फाटकावर शिकलो नव्हतो. तिथे मी लोकांचा वेळ नुसता मोजत होतो.

परीक्षा कल्याणला होती. त्या सकाळी बायको नवं लुगडं नेसून, दही-साखर खाऊन दारातून बाहेर पडली, तेव्हा पाच आठवडे मरणाच्या दारात असलेली बाई अशी झपाझप चालताना पाहून नळावरच्या बायकांच्या घागरी भरून वाहिल्या. बांबूवाला शेजारी दातवण तोंडात धरून थिजला.

"बरं वाटलं तिला," आईने खुलासा केला. "अंगाऱ्याचा गुण."

ती पास झाली. गणितात तिला एवढे गुण पडले की पापडवालीने त्या दिवशी कॅम्पात पापड फुकट वाटले. निदान मी तरी तसं सांगत आलो आहे. जूनपासून ती रोज सकाळच्या गाडीने बदलापूरला, तिथून पुढे पायी डोंगराकडे जाऊ लागली. पहिल्याच वर्षी तिच्या वर्गात अकरा मुली टिकल्या. आईच्या डब्यातले चिंचोकेही पुढे थांबले, आणि आम्हांला मुलगी झाली. पण खरी गोष्ट त्यानंतरची आहे.

छपन्न साल असेल. मी रजेवर होतो. बायकोच्या शाळेला सुट्टी होती. जेवणं झाली, आणि माझी साठीला टेकलेली आई उठली, घोंगडी काढली, मागच्या पडवीत अंथरली आणि तिच्यावर जाऊन बसली. आम्ही बघत राहिलो.

"मला शिवू नका," ती म्हणाली. "कावळा शिवलाय."

मी तोंड उघडलं. बायकोने माझ्या हातावर चिमटा काढला. निमूटपणे उठून तिने तांब्या-भांडं भरलं, चार हातांवरून सासूबाईंकडे सरकवलं, नातीला उचलून घेतलं आणि भांडी घासायला बसली. थोड्या वेळाने सुपं आली. बायको दारात आडवी उभी राहिली.

"सासूबाई बाजूला बसल्यात," तिने सांगितलं.

"या वयात?" पहिल्या सुपातले तांदूळ सांडले.

"आमचा कावळा वय बघत नाही," बायको म्हणाली.

आई पडवीत काय करत होती, ते मी फटीतून पाहिलं. पोथी नाही, जपमाळ नाही, निवडण नाही. पाय लांब करून, डोक्यावरचा पदर खांद्यावर टाकून ती मलंगगडाकडे बघत होती. एवढंच. आयुष्यात तिने डोंगर पाहिला असेल तर तो पाणी भरता भरता, लाकडं आणता आणता. बसून पाहिलेला हा पहिलाच.

साडेतीनचा भोंगा झाला. फाटकाकडे लोंढा निघाला, नळावर घागरी आल्या, चाळीतल्या चुली पेटायला लागल्या. आईने नुसती मानही वळवली नाही.